अठ्ठेचाळीस व्होल्ट

बंद शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत
स्तामेनच्या पावलांनी एकशे अठरा,
माझ्या टेपने त्र्याण्णव मीटर.
"शंभरच्या आत ना? मग झालं," म्हणाला,
आणि केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून
उतरणीला लागला,
अजून नोकरीवर असल्यासारखा.

बोर्ड दाखवला त्याला. तळहातावर मावेल एवढा.
एका कडेला केबलचं चौकोनी तोंड,
दुसऱ्या कडेला अँटेना,
तांब्याची जेमतेम बोटाच्या पेराएवढी नागमोड.
"बिनतारी म्हणतेस
आणि म्हाताऱ्याला तार ओढायला लावतेस?"

टाकीच्या भिंती मीटरभर जाड, मी सांगितलं.
आतून हवेवर शब्द निघत नाही,
आत प्लगही नाही.
ही एकच केबल बोलणं नेईल
आणि हिच्यातूनच त्याचं जेवण येईल.

"किती व्होल्ट?"
"अठ्ठेचाळीस."
तेव्हा तो थांबला. केबल खाली ठेवली.
"आमच्या टेलिफोनचेही अठ्ठेचाळीस.
तळघरात शिशाच्या बॅटऱ्या, कमरेएवढ्या.
सगळ्या गोर्ना ब्रेझात अंधार
आणि फोन वाजतायत.
मग तुम्ही नवीन काय केलंत, रालित्सा?"

मी पक्कड शोधत बसले.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. हिरवं नि तपकिरी
त्याला एकच.
म्हणून मी रंग म्हणत गेले, तो तारा लावत गेला:
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी,
पांढरी-तपकिरी. तपकिरी.
वरती हातभर ढील सोडली त्याने.
"तार थंडीत आखडते. माणसासारखी."

शाळेतला स्विच आधी वीज देत नाही.
थोडीशी पाठवून विचारतो: कोण आहे तिकडे?
पंचवीस हजार ओहमचं उत्तर आलं
तरच पूर्ण ताट वाढतो.
हे ऐकून स्तामेनने मान डावी-उजवी हलवली.
रोडोपीच्या डोंगरात
याचा अर्थ हो.

हिरवा दिवा लागला.
पाणी: एकशे बेचाळीस सेंटीमीटर.

जानेवारीत एका रात्री वादळाने खांब पाडले.
मी प्लोवदिवमध्ये, पाचव्या मजल्यावर,
फोनवर आकडे बघत.
गाव काळंठिक्कर,
शाळेतली बॅटरी तेवढी जागी
आणि तिच्यावर जगणारा तो बोर्ड,
दर दहा मिनिटांनी:
१४२.
१४२.
१४१.
१४०.
१३८.
१३५.

पाइप फुटला.
उतार वाढतच होता, फूट मोठी होत असणार.
सतरा वेळा फोन लावला.
अठराव्यांदा त्याने उचलला, धापा टाकत,
मागे वारा आणि किल्ल्यांचा खुळखुळाट.

"कुठं काय फुटलंय? नळ मीच उघडतोय.
वाहतं पाणी गोठत नाही.
इव्हानोव्हांचं झालं, शिक्षिकेचं झालं,
आता गेर्गानाच्या घरात आहे.
अजून पाच राहिली."

अकरा घरं. मालक कुणी माद्रिदला, कुणी हॅनोव्हरला,
कुणी चर्चमागच्या मातीत.
सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे, एकाच तारेत ओवलेल्या.
गुडघाभर बर्फात तो दार उघडत होता,
नळ बारीक सोडत होता,
दार लावत होता.

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.
१३१.
म्हणजे शिंप्याचं घर.
१२६.
म्हणजे कोपऱ्यावरचं, निळ्या फाटकाचं.
मग दोन ओळींमध्ये नेहमीइतकाच फरक राहिला,
आणि मला कळलं की तो घरी पोचला,
बूट काढतोय.

सकाळी मी प्रोग्रॅम उघडला.
पातळी झपाट्याने घसरली तर धोक्याचा इशारा द्यायचा,
अशी ओळ लिहिली होती मीच.
ती खोडली नाही.
तिच्याआधी एक अट घातली:
आधी स्तामेनला विचार.
उत्तर आलं नाही तर
मग ओरड.